फोटोच्या पाठीमागची नावे

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक काळी ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात वडिलांचा फौजेतील नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले आहे. नाव आता पुसट झाले आहे. नंबर मात्र अजून स्पष्ट वाचता येतो. तात्या, म्हणजे आमचे वडील, २०११ साली गेले. दिवसकार्ये आटोपल्यावर आम्ही भावंडांनी ती ट्रंक खाली उतरवली. आत एक लोकरी मफलर, एक पे-बुक, १९७१ च्या लढाईबद्दल मिळालेले 'पूर्वी स्टार' हे पदक, सुतळीने बांधलेली एक्केचाळीस पत्रे आणि अकरा फोटो निघाले. धाकटा बंधू व्यवहारी आहे. तो म्हणाला, "पदक ठेवू, बाकी रद्दी काढून टाकू. कसर लागलीये." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. कसर खरोखरच लागली होती.

या अंकासाठी काही लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मला त्या ट्रंकेची आठवण झाली. तीस वर्षे इतिहास शिकवून मी आता निवृत्तीच्या जवळ आलो आहे. इतकी वर्षे विद्यार्थ्यांना 'इतिहासाची साधने' हे प्रकरण शिकवले. शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, पत्रव्यवहार अशी यादी फळ्यावर लिहून दिली. परंतु आपल्या स्वतःच्या माळ्यावरही इतिहासाचे साधन पडून असू शकते, हे मला फार उशिरा उमगले. तोपर्यंत त्या साधनाची एक मोठी हानी माझ्याच हातून होऊन गेली होती. ती आधी कबूल करतो, आणि मगच विषयाकडे वळतो.

त्या अकरा फोटोंपैकी एक फोटो सहा जवानांचा आहे. मागे तंबू, पुढे चिखल, आणि सहाही जण हसत आहेत. डावीकडून दुसरे तात्या. फोटोच्या पाठीमागे तात्यांनी शाईने सहाही जणांची नावे आणि गावे लिहिली होती, एवढे मला पक्के आठवते, कारण ती मी लहानपणी पाहिलेली आहेत. १९८० साली मी सातवीत असताना शाळेत प्रदर्शन भरले. "घरातील जुनी वस्तू आणा" असे सांगण्यात आले. मी तो फोटो नेला आणि तो नीट दिसावा म्हणून जाड पुठ्ठ्यावर डिंकाने घट्ट चिकटवला. खाली रंगीत खडूने 'आपले शूर जवान' असे लिहिले. मला बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. आज तो फोटो पुठ्ठ्यापासून सुटत नाही. एका कोपऱ्यापासून सोडवण्याचा प्रयत्न केला, तर शाईचा निळसर डाग आणि सोललेला कागद तेवढा हाती आला. सहापैकी दोघांची आडनावे आईला आठवतात. उरलेले तिघे कोण, हे आता या घरात कोणालाच सांगता येत नाही. तात्या होते तोवर विचारता आले असते. त्यानंतर एकतीस वर्षे ते होते. विचारू, विचारू म्हणता राहून गेले.

'आपले शूर जवान' हे शब्द शिल्लक राहिले आणि जवानांची नावे गेली. पुढे इतिहास वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की मी सातवीत जे केले, तेच मोठमोठ्या साम्राज्यांनी संगमरवरावर केलेले आहे.

आपल्या सातारा-रत्नागिरी भागातील कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेला एक लहानसा दगड आढळतो. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यावर असतो. किती गेले हे आहे; कोण गेले हे नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेतील चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक माणसे कामी आली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूट-अल-अमारा येथे जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली. ज्या आयोगाने हे स्मारक उभारले, त्यानेच पुढे २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली माफी मनाला बरी वाटते, पण तिच्यामुळे हरवलेले सगळे परत मिळते असे नाही.

सरकार संख्या जपते. सरकारचे ते कामच आहे. रसद किती, बंदुका किती, माणसे किती, हे त्याला मोजावेच लागते. नावे, आवाज आणि हस्ताक्षर जपण्याचे काम मात्र घराचे असते. घराने ते केले नाही, तर दुसरे कोणी ते करीत नाही. किंवा केलेच तर भलत्याच कारणासाठी करते. याचे एक विलक्षण उदाहरण सांगतो.

१९१४ साली हिंदी फौजा फ्रान्समध्ये उतरल्या. त्या शिपायांची पत्रे तपासण्यासाठी बुलोन येथे एक सेन्सॉर कचेरी थाटण्यात आली. शिपायांच्या मनात असंतोष तर नाही ना, हे पाहणे हा तिचा हेतू. हॉवेल नावाचा सनदी अधिकारी तिचा प्रमुख होता. त्याची माणसे निरनिराळ्या भारतीय भाषांतली पत्रे वाचत, त्यांतील निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करीत आणि अहवालाला जोडून वर पाठवीत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. त्यांतूनच डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ साली शिपायांच्या पत्रांचे एक मोठे संकलन प्रसिद्ध केले. आज हिंदी शिपायाच्या मनाविषयी जगात जे काही लिहिले जाते, त्याचा मोठा आधार हा संग्रह आहे. परंतु मूळ पत्रे कुठे आहेत? ती ज्या घरी पोचली, तिथे चुलीत गेली, पावसात भिजली, वाळवीने खाल्ली, नाहीतर रद्दीत गेली. ज्याला त्या पत्रांचा संशय होता त्याने ती जपली, आणि ज्यांना त्यांचे प्रेम होते त्यांनी ती गमावली! शिपाई आपल्या आईशी आपल्या भाषेत जे बोलला, ते आज आपल्याला सेन्सॉरच्या इंग्रजीतून वाचावे लागते. मराठीच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या एका वाक्यावर थोडा वेळ विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे जपण्याची परंपराच नाही. हे खरे नव्हे. मराठ्यांचा इतिहास मुख्यतः उभा राहिला तोच मुळी घराघरांतून मिळालेल्या कागदांवर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करीत दप्तरे धुंडाळत हिंडले. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतच्या दशकातील, म्हणजे १७५० ते १७६१ मधील पत्रे होती. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे प्रसिद्ध केली. ही पत्रे उरली, कारण कोणातरी घराने ती रुमालात बांधून खुंटीला किंवा पेटाऱ्यात ठेवली होती.

पण ती घरे सरदारांची, कारकुनांची, देशमुख-कुलकर्ण्यांची होती. पानिपतावर जो शिपाई भाला घेऊन उभा होता, त्याचे पत्र राजवाड्यांना मिळाले नाही, कारण त्याने ते लिहिलेच नव्हते. त्याला लिहिता येत नव्हते. शिपायाच्या घरी पत्र येऊ लागले ते टपाल खात्याच्या आणि प्राथमिक शाळेच्या कृपेने, आणि तेही हळूहळू. आरंभी दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले, मग स्वतःच्या. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांची हिंदी फौज उभी राहिली. केरेनपासून इटलीपर्यंत मराठा पलटणी लढल्या. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील मोंतोने गावी २०२३ साली त्यांचे स्मारक झाले. त्यांचे नाव पदकामुळे राहिले. त्यांच्याबरोबरच्या शेकडोंना पदक नव्हते, पण त्यांतल्या कित्येकांचे एखादे पत्र, एखादा स्टुडिओत काढलेला फोटो कुठल्यातरी घरात नक्की असेल. हजारो वर्षांच्या इतिहासात ज्यांच्या पूर्वजांचे हस्ताक्षर उपलब्ध आहे अशी आपली, म्हणजे शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घरांची, ही जवळजवळ पहिलीच पिढी. आणि नेमके ते हस्ताक्षर आपण किलोच्या भावाने विकायला काढतो.

आता आमच्या त्या एक्केचाळीस पत्रांविषयी सांगतो. कारण "त्या पत्रांत असणार काय? खुशाली आणि मनीऑर्डर!" असे जे नेहमी म्हटले जाते, त्याचे उत्तर त्यांतच आहे.

एक्केचाळीसपैकी तेहेतीस पत्रे आमच्या आजोबांना, आबांना, लिहिलेली आहेत. 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.' अशी सुरुवात, पत्ता 'द्वारा ९९ ए.पी.ओ.' एवढाच. कुठे आहोत हे लिहिण्यास मनाई. आबांना वाचता येत नसे. पत्र आले की पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून मोठ्याने वाचीत आणि अर्धी आळी ऐकायला जमे. आई चौथी शिकलेली, परंतु सासऱ्याच्या नावाचे पत्र सुनेने हातात घेण्याची रीत नव्हती. ती आतल्या दाराआड उभी राहून ऐके. त्या पत्रांत तिचा उल्लेख 'घरातील सर्व लहानथोरांस' या दोन-तीन शब्दांत येऊन जातो.

ऑक्टोबर १९७१ च्या एका पत्रात एक ओळ आहे: विहिरीवरच्या शेवग्याला वेळच्या वेळी पाणी घालीत जावे. मी हे पत्र अभ्यासकाच्या ऐटीत वाचले आणि टिपण केले, 'शेती व झाडांविषयी आस्था'. आईला टिपण वाचून दाखवले. ती हसू लागली. म्हणाली, "शेवग्याला कोण पानी घालतंय रं? त्ये झाड आपसूक वाढतंय. त्ये माझ्यासाठनं हाय. मी येळच्या येळी जेवते का न्हाय, त्ये इचारलंय. रजा संपून जाताना मी तिथंच हुबी ऱ्हायची ना, शेवग्याखाली. तू एवढा प्रोफेसर, आन् एवढं कळंना?"

विद्यार्थिमित्रहो, इतिहास कसा वाचावा यावर मी जी व्याख्याने दिली, त्या सर्वांहून हे उत्तर मोठे आहे. कागद जपला म्हणजे सर्व जपले असे नाही. कागदाची किल्ली माणसाजवळ असते, आणि माणूस कागदापेक्षा लवकर जातो. आज आई नसती, तर तो शेवगा माझ्या टिपणात कायमचा शेवगाच राहिला असता.

लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. २६ नोव्हेंबरनंतर आमच्या घरी पत्र आले ते थेट २४ डिसेंबरचे. मधल्या चार आठवड्यांच्या जागी काहीच नाही. ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर आबा रोज संध्याकाळी जाऊन बसत, असे आई सांगते. २४ डिसेंबरच्या पत्रात विजयाचा जयघोष नाही. एका गावातून जाताना घरे उघडी होती, माणूस नव्हते, आणि दावणीला बांधलेली एक गाय हंबरत होती. तिचे दावे सोडून पुढे गेलो, एवढेच लिहिले आहे. आणि पुढच्याच ओळीत आपली म्हैस व्याली का, अशी विचारणा आहे.

पुढची पत्रे १९७२ सालची. महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. तात्या शांततेच्या ठिकाणी परत आलेले आणि घर मात्र संकटात. त्या पत्रांतून मनीऑर्डरीचे आकडे आहेत, मिलोच्या भाकरी पोरांना सोसतात का अशी चौकशी आहे, घरच्या बायकांनी खडी फोडायला जाऊ नये असा आग्रह आहे, आणि त्यानंतरच्या पत्रात 'गेल्याशिवाय गत्यंतर नसेल तर जावे' अशी माघार आहे. खुशाली आणि मनीऑर्डर, हो. पण १९७२ च्या दुष्काळाचा आणि रोजगाराच्या कामांचा अभ्यास करणाऱ्याला याहून जिवंत साधन कोणते मिळेल? लढाईच्या काळची पत्रे लढाईबद्दल थोडेच सांगतात. ती सांगतात ते मागे राहिलेल्या घराबद्दल, आणि त्या घरातल्या बायकांबद्दल. आईने किंवा आबांच्या वतीने गुरुजींनी पाठवलेले एकही पत्र आमच्याकडे नाही. ती पत्रे खंदकात कोण सांभाळणार? तथापि तात्यांच्या उत्तरांवरून त्यांतले बरेचसे कळते. तिचे अर्धे बोलणे त्याच्या पत्रात उरले आहे.

आता राहिली आठ पत्रे. ती आईच्या नावाची आहेत. ती मी वाचलेली नाहीत.

ट्रंक उघडली त्या दिवशी आईने ती आठ पत्रे ओळखून वेगळी काढली आणि म्हणाली, "ही कागदं माझी हायती. मी गेले की माझ्याबरूबर सरणावर ठेवा." इतिहासाचा प्राध्यापक म्हणून मी हादरलो. मुलगा म्हणून मी गप्प बसलो. त्यानंतर कितीतरी महिने आमचा या एका गोष्टीवर वाद चालला. मी तिला राजवाड्यांची गोष्ट सांगितली, सेन्सॉरची सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "राजवाड्यांनी कुनाच्या बायकूला इचारून छापली व्हती का?" मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून माझे मत थोडे बदलले आहे, आणि ते मी येथे स्पष्ट मांडतो. जपणे, वाचणे आणि छापणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो आणि म्हणूनच घरातील वडीलधारी माणसे कागद दाखवायला बिचकतात. जपणे हे कर्तव्य आहे. वाचणे ही परवानगीची बाब आहे. आणि छापणे, किंवा आजकाल मोबाईलवरून चार ठिकाणी पाठवणे, हा ज्याचे पत्र त्याचा अधिकार आहे. ते आठ कागद आज आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून वेगळे ठेवले आहेत. त्यांचे काय करायचे ते तिने ठरवावे. अलीकडे ती 'सरणावर' म्हणत नाही, 'बघू' म्हणते. मी त्या 'बघू'वर भिस्त ठेवून आहे. पण उद्या ती पुन्हा 'सरणावर' म्हणाली, तर मी तिचे ऐकेन. इतिहासाला सर्वच मिळाले पाहिजे असा त्याचा हट्ट असू नये.

दुसरा एक आक्षेप आमच्या एका तरुण सहकाऱ्यांनी घेतला. युद्धाची पत्रे आणि फोटो जपणे म्हणजे युद्धाचा गौरव करणे नव्हे काय? मला हे पटत नाही. युद्धाचा गौरव भाषणांतून होतो, कमानींवरून होतो, सातवीतल्या मुलाच्या रंगीत खडूतून होतो. दावणीच्या गायीचे ते पत्र वाचून कोणाला युद्धाची हौस येईल असे वाटत नाही. उलट, युद्धाबद्दल मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांनी अशी पत्रे वाचली, तर आवाज थोडा खाली येईल.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. माझ्या हातून जे झाले ते तुमच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू. फोटो डिंकाने किंवा कशानेही चिकटवू नका. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही. टाचण्या आणि पिना काढून टाका, त्यांचा गंज कागद खातो. पत्रे घडीवर फाटतात, म्हणून ती उलगडून सपाट ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याचा दमटपणा कोंडतो. त्याऐवजी धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा. खळीला कसर लागते. आपल्या दप्तरखान्यांतले 'रुमाल' हे उगाच नव्हते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत, गाठोडे सोडून सावलीत हवा द्या. उन्हात मात्र ठेवू नका, शाई उडते.

मग दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक कागदाची पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची प्रतिमा घ्या. पाकीट आणि टपालाचा शिक्काही सोडू नका, कारण पुष्कळदा तारीख तिथेच असते. जमल्यास स्कॅनरने स्कॅन करा आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकला म्हणजे तो जपला, अशा भ्रमात राहू नका. तिथे तो लहान होऊन जातो, चार दिवस त्यावर हात जोडले जातात, आणि मग तो शुभेच्छांच्या गर्दीत बुडतो. त्यात कोण आहे हे कुठेच लिहिलेले नसते. ते म्हणजे माझ्या पुठ्ठ्याचेच नवे रूप.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावे लिहा. फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनने नको, त्याचे वळ पुढे उमटतात. कोण, कुठले, केव्हा, कुठे. ज्यांना ओळखता येते अशा माणसांजवळ आजच जाऊन बसा. दिवाळीच्या सुट्टीत म्हणू नका. या रविवारी जा. पत्र त्यांना वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. अर्थात त्यांना विचारून. शेवगा कुठे दडला असेल ते सांगता येत नाही.

शेवटी महाविद्यालयाकडे एक मागणे आहे. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाने २००८ साली लोकांना आवाहन केले की पहिल्या महायुद्धाची घरात असलेली पत्रे, फोटो, वस्तू दाखवायला आणा. वस्तू घ्यायच्या नाहीत. प्रतिमा काढून, माहिती टिपून, ज्याची त्याला परत द्यायची. साडेसहा हजारांवर नोंदी जमल्या, आणि पुढे युरोपातील इतर देशांनीही तो मार्ग उचलला. हे काम आपल्याला का करता येऊ नये? आपले महाविद्यालय ज्या जिल्ह्यात आहे, तिथे 'अपशिंगे मिलिटरी' असे नावच पडलेले गाव आहे; कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. आपल्या प्रत्येक वर्गात निदान चार-पाच विद्यार्थी तरी फौजी घरातले असतातच. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्यातरी गावी भरते. त्यातला एक दिवस 'पत्रांचा दिवस' म्हणून राखून ठेवावा. इतिहास विभागाने नोंदी कराव्या, मराठी विभागाने मोडी आणि जुने अक्षर लावून द्यावे, विद्यार्थ्यांनी मोबाईल आणि एक स्कॅनर घेऊन ओट्यावर बसावे. खर्च म्हणाल तर एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाइतकाही नाही. आणि कागद मात्र ज्याचा त्याच्या घरीच राहावा. आपण घ्यायचे ते फक्त नाव आणि हकीकत, तीही घरच्यांनी दिली तर.

तो सहा जणांचा फोटो मी आता फ्रेम केलेला नाही, पुठ्ठ्यासकट कापडात ठेवला आहे. पुठ्ठ्याच्या मागे मी पेन्सिलीने लिहिले आहे: डावीकडून दुसरे तात्या. चौथे आणि सहावे यांची आडनावे आईने सांगितली ती. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्याच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. कुणाच्या घरी याच फोटोची दुसरी प्रत असेल, आणि तिच्या पाठीमागची शाई अजून शाबूत असेल, तर मला इतिहास विभागात येऊन भेटावे. मी निवृत्त झालो असलो, तरी पत्ता शिपाईमामांजवळ मिळेल.